वर सुवी हाये

१

डोणगावात बियाण्याच्या कंपनीनं ऑफिस उघडलं, तेव्हा निम्मं गाव बियाणं सोडून टेबलं पाहायला आलं. टेबलं होतीच तशी. चार टेबलं एकमेकांना जोडलेली, मधून छातीएवढी उंच पोकळ भिंत, वर फोन, कॉम्प्युटर, दिवे, सगळं काही. पण वायर म्हणाल तर औषधालाही दिसायची नाही. प्रत्येक टेबलाला मागच्या बाजूला वाटीएवढं गोल भोक होतं आणि त्यावर काळं झाकण. सगळ्या वायरी त्या भोकातून आत शिरायच्या, पोकळ भिंतीतून खाली उतरायच्या, टेबलाच्या पायातून फरशीखालच्या पाइपात जायच्या आणि पार मागच्या भिंतीजवळ बोर्डापाशी निघायच्या.

हे सगळं बसवणारा अकील साखरखेर्ड्याचा. सुतारकामात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, आणि ही गोष्ट सगळ्यांत आधी तो स्वतःच सांगायचा. "पाहा ना, एक तार दिसली त सुतारकी सोडून देईन," असं म्हणत तो येणाऱ्या-जाणाऱ्याला टेबलाखाली वाकायला लावायचा.

सुवर्णाचे वडील जानराव, त्यांनाही त्यानं वाकायला लावलं. त्यांच्या पोरीला इथंच शेतकऱ्यांचे फोन घ्यायची नोकरी लागली होती, त्यामुळे टेबलं त्यांच्या घरचीच झाली होती. त्यांनी झाकण उचललं, भोकात डोकावून पाहिलं आणि परत ठेवून दिलं.

"काम एक लंबर हाये, बेटा," ते म्हणाले. "पन दोरी जाते कोठी, ते कसं समजावं? आमच्या धंद्यात दोरी डोयासमोर पाह्यजे. दडेल दोरी मले नाई पटत."

"चाचा, हे टेबल हाये. विहीर नाई ना हो," अकील म्हणाला, आणि सगळे हसले. सुवर्णाही हसली.

२

जानरावांचा धंदा विहिरींचा. विहीर खोदायची, खोल करायची, गाळ काढायचा. त्यात त्यांचे केस पांढरे झाले आणि उजव्या हाताचं मधलं बोट क्रेनच्या चाकात अर्धं गेलं.

विहिरीत उतरलेल्या माणसाची हाक वर पोचत नाही. वर क्रेनचं इंजिन फटफटत असतं, खाली दगडावर पहार वाजत असते, आणि हाक मारलीच तर घुमून घुमून तिचा पार चेंदामेंदा होतो. म्हणून ही माणसं मनगटाला बारीक दोरी बांधून उतरतात. दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात. खालून दोन हिसके आले की त्याचा अर्थ, वर आहेस ना? वरच्यानं एक हिसका द्यायचा: आहे, धरलंय. खालून तीन आले तर विचार करत बसायचं नाही, ओढायचं. एवढीच ती भाषा.

सुवर्णा शाळेत जायला लागली तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी ही दोरी तिच्या हातात असायची. घरीसुद्धा बापलेकीचा तो खेळच होता. ते आत, ती अंगणात, मधलं दार लावलेलं आणि दाराखालून दोरी. हिसका ज्याचा त्याचा वेगळा असतो, चालण्यासारखा, हे तिला तेव्हाच कळलं होतं. जानरावांचा पहिला हिसका खणखणीत यायचा आणि शेवटचा अर्धाच. त्या थोट्या बोटातून दोरी निसटायची. हजार माणसांत तिनं तो हिसका ओळखला असता.

"वर सुवी हाये, मले काय भेव?" असं जानराव चारचौघांत म्हणायचे. लोकांना ते कौतुक वाटायचं. सुवर्णाला मात्र बाप वर येईस्तोवर घोटभर पाणी गिळवत नसे, आणि ही भीती तिनं कधी कोणाला सांगितली नव्हती. नोकरी लागली त्या दिवशी तिनं एकच मागणं मागितलं: बाबा, आता खाली उतरू नका.

"ही एक झाली का बस," ते म्हणाले होते.

ही एक म्हणजे शंकररावांची विहीर, ऑफिसच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या शेतातली. दुष्काळाचा उन्हाळा होता. पाऊस यायच्या आधी पाण्यावर बीटी कपाशी लावायची, म्हणजे अळी यायच्या आत बोंडं हाती लागतील, असा शंकररावांचा हिशेब. आदल्या साली बीटीनंही दगा दिला होता, तरी माणसं विहिरी खोल करतच होती. सुवर्णा ऑफिसात, म्हणून दोरी इंद्रभाननं धरली. तो जानरावांचा जुना जोडीदार.

त्या संध्याकाळी जानराव घरी आले, आतल्या खोलीत जाऊन बसले आणि म्हणाले, "आता नाई जात."

सुवर्णानं आनंदानं आईला मिठीच मारली.

३

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. कानाला हेडफोन, समोर थंड झालेला चहा, आणि फोनवर धाड गावाकडचे एक म्हातारबुवा तावातावानं बोलत होते. "बाई, बीटीले अळी लागत नाई म्हनत होते ना तुमी? मंग माह्या वावरात पाहुनी आली होती का?"

सुवर्णा शिकवलेलं उत्तर देणार, इतक्यात हेडफोन कानावरून सरकला. कोणीतरी वायर ओढावी तसा. तिनं तो सारखा केला. परत सरकला.

दोन वेळा. आणि तिचा डावा हात आपोआप वायरीवर गेला आणि त्यानं एक हिसका दिला.

मग तिला समजलं की आपण काय केलं. तिला हसू आलं. हाताची सवय मेल्यावरही जायची नाही, ती मनाशी म्हणाली. तिनं वाकून टेबलाखाली पाहिलं. तिथं तिच्या चपला आणि डबा होता. वायर वरच्या भोकातून आत गेली होती, झाकण जागेवर होतं.

पलीकडच्या टेबलावरच्या गुलनाजला तिनं विचारलं, "तुह्या पायात अडकली होती का वं वायर?"

"माहे पाय त इकडं हायेत," गुलनाज म्हणाली, आणि खुर्चीवर मांडी घातलेली तिनं दाखवली. "उंदीर असन."

उंदीरच असेल, असं सुवर्णानं ठरवून टाकलं. फोनवरचे म्हातारबुवा अजून बोलतच होते.

४

उंदीर रोज यायचा. दुपारी, जेवणानंतर ऑफिस सुस्तावलं की यायचा. दोन हिसके. सुवर्णा एक हिसका देई आणि मग तो गप्प बसे. न देऊन पाहिला, तर तो परत दोन देई, परत दोन, जरा घाईनं. शेवटी तिचाच जीव कासावीस होई आणि ती उत्तर देई. कोणी विचारलं तर आपण काय सांगणार, याची तिला लाज वाटत होती.

घरी मात्र सुख होतं. जानराव कुठं जात नव्हते. तंबाखू सुटली होती. आधी भाजीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारा माणूस आता समोर येईल ते मुकाट खात होता. दिवसभर आतल्या अंधाऱ्या खोलीत, पाण्याच्या माठाला टेकून बसायचे. पाणी मात्र फार प्यायचे. सुवर्णाची आई बनाबाई सकाळी माठ भरायची आणि दुपारी तो ठणठणीत कोरडा असायचा.

"थकेल मानूस हाये, बसू दे," बनाबाई म्हणायची. "जलमभर त खपला."

उजव्या हाताला त्यांनी फडकं गुंडाळलं होतं. खडकावर घासला म्हणे. पाहू द्या म्हटलं की हात मागं घ्यायचे.

एके दिवशी टेबलाशी हिसके आले आणि सुवर्णानं पहिल्यांदाच ते नीट ऐकले. हाताला ऐकायला येतं ते, कानाला नव्हे. पहिला खणखणीत. दुसरा अर्धा, निसटता.

तिनं घाईघाईनं घरी फोन लावला.

"माय, बाबा कुठी हाये?"

"कुठी असतीन? आतमंदी बसेल हाये. पानी पिऊन राह्यले. काऊन वं?"

मागून खोकल्याचा आवाज आला. बाप घरी होता. मनाचे खेळ, दुसरं काय! लहानपणापासून धास्ती घेतली, ती आता सुख आलं तरी सोडत नाही, असं तिनं स्वतःला बजावलं.

तरी जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या शेतात गेली. विहिरीला पाणी लागलं नव्हतं आणि शंकररावांनी नाद सोडला होता. इंद्रभान क्रेनचे नटबोल्ट खोलत होता.

"इंद्रभानकाका, त्या दिवशी बाबाले वर कोनं ओढलं?"

इंद्रभाननं हातातला पाना खाली ठेवला. "खरं सांगू का, पोरी? म्या ओढलंच नाई. इंजिनचं डिझेल सरलं म्हनून म्या घडीभर दोरी खुटीले बांधली अन् गेलो. येऊन पाह्यतो त तुहा बाप काठावर बसेल. तीन हिसके नाई, हाक नाई. कसा आला, त्याले ठाऊक. अन् मनगटाले दोरी नव्हती."

सुवर्णानं काठावरून वाकून पाहिलं. खोल तळाशी कोरडा फुटका खडक होता. माणूस नव्हता, सावली नव्हती. फक्त एका कोपऱ्यात जानरावांची पहार पडली होती. ती पहार ते उशाशी घेऊन झोपायचे. आपल्या हयातीत ती त्यांनी कुठं विसरल्याचं तिला आठवत नव्हतं.

५

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी तीन हिसके आले.

हेडफोन कानावरून निघून टेबलावर आपटला आणि सरपटत भोकापर्यंत गेला. गुलनाज किंचाळली. सुवर्णानं तो पकडून ठेवला, आणि तिच्या मुठीत परत तीन आले. दोन खणखणीत आणि तिसरा निसटता. ओढ. मग परत. ओढ.

अकील बाजारातच होता. निरोप गेल्यावर तो तोऱ्यात आला. "माह्या कामात उंदीर शिरनं शक्य नाई," असं म्हणत त्यानं पेचकस काढला आणि पोकळ भिंतीचं फळकूट खोललं.

आत सगळं कसं नीटनेटकं होतं. वायरींच्या जुड्या बांधलेल्या, पट्ट्या मारलेल्या, सरळ रेषेत खाली उतरलेल्या. अकील कौतुकानं पाहत राहिला आणि मग त्याचं बोट एका जागी थांबलं.

सुवर्णाच्या हेडफोनच्या वायरीला एक बारीक दोरी बांधलेली होती. ओली. तिला पिवळा मुरूम चिकटला होता. ती वायरींच्या जुडीमागून खाली गेली होती, टेबलाच्या पायातून, फरशीखालच्या पाइपात.

"ही म्या नाई टाकली," अकील म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता.

गाठ सुवर्णाच्या ओळखीची होती. दोन वेढे आणि टोक आत. तिच्या बापाशिवाय अशी गाठ कोणी मारत नव्हतं.

अकीलनं दोरी चिमटीत धरून ओढून पाहिली. ती वीतभर वर आली. मग दुसऱ्या बाजूनं कोणीतरी ती परत घेतली, सावकाश, जपून. विस्तव लागल्यासारखा अकीलनं हात झटकला. "या अल्ला," तो पुटपुटला आणि भिंतीला जाऊन टेकला.

तीन हिसके आले. सगळ्यांना दिसले.

सुवर्णानं घरी फोन लावला. "माय, बाबाले फोन दे. दे म्हनलं ना!"

थोडी खुडबुड झाली आणि मग जानरावांचा आवाज आला. "बोल, सुवे."

"बाबा, तुमी घरीच हाये ना?"

"घरीच हाये."

शंकेला जागाच नव्हती. बाप घरी, माठाशी, सुखरूप बसला होता. मग त्याचा हात घेऊन, त्याची गाठ मारून जमिनीखालून जे ओढत होतं, ते बाप नव्हतं. ते काय होतं याचा विचार करायची तिची छाती नव्हती. ते वर येता कामा नये, एवढंच तिला कळलं. आणि इतके दिवस आपणच त्याला धरलंय, धरलंय म्हणून सांगत आलो होतो.

"कापा," ती म्हणाली.

अकील जागचा हलला नाही. त्यानं पिशवीतला कटर फरशीवरून तिच्याकडं सरकवला.

तिनं डोळे मिटले नाहीत. पातं दोरीला लावलं तेव्हा खालून दोन हिसके आले. वर आहेस ना? तिनं कापलं.

दोरीचं टोक पाइपात सर्रकन गेलं. खाली वजन होतं, ते सुटावं तसं. पाइपात बराच वेळ घासत गेल्याचा आवाज येत राहिला, लांब, आणखी लांब, आणि मग तो थांबला.

अकीलनं फळकूट बसवलं आणि सगळे पेच आवळले. बाहेरून पाहिलं तर काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

६

दिवेलागणीला सुवर्णा घरी आली. बनाबाई अंगणात चुलीपाशी भाकरी थापत होती. आतलं दार लोटलेलं होतं. सुवर्णाला हलकं हलकं वाटत होतं, तापातून उठल्यावर वाटतं तसं, आणि आत्ताच्या आत्ता बापाशी बोलावंसं वाटत होतं. पण बोलायला काही सुचेना. मग तिला खेळ सुचला.

कपडे वाळत घालायच्या वलनीची दोरी तिनं सोडली आणि टोक दाराखालून आत सरकवलं.

"बाबा, खेयू का आपन? पह्यल्यासारखं?"

आतून आवाज आला, "खेयू."

"येडी हाये का वं पोट्टी," बनाबाई हसत म्हणाली. कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती.

दोरी ताणली गेली. दोन हिसके आले.

दोन्ही खणखणीत. दोन्ही अगदी सारखे.

सुवर्णानं उत्तर दिलं नाही. हात बरा झाला असेल, तिनं स्वतःला सांगितलं. फडकं गुंडाळलंय, म्हणून दोरी सटकली नसेल. माणसाचं मन काय काय कारणं शोधून काढतं! ती गुडघ्यावर बसली, गाल जमिनीला लावला आणि दाराच्या फटीतून पाहिलं.

चुलीचा उजेड आत वीतभर गेला होता. त्या उजेडात फडकं सुटून पडलं होतं. त्याच्या शेजारी उजवा हात होता, दोरी धरलेला. पांढराफटक, पाण्यात फार दिवस भिजल्यासारखा सुरकुतलेला. मधलं बोट पुरतं होतं. नखासकट.

सुवर्णाला ती कोरडी विहीर दिसली, कोपऱ्यातली पहार दिसली. रोज दुपारी एक माणूस खालून विचारत होता, वर आहेस ना, आणि ती त्याला सांगत होती, आहे, धरलंय. म्हणून तो थांबला होता. तिच्या भरवशावर थांबला होता. आणि आज त्यानं ओढ म्हटलं, तेव्हा तिनं पातं लावलं. कापायच्या आधी त्यानं काय विचारलं होतं, तेही तिला आठवलं.

"बाबा," ती जमिनीशी म्हणाली.

मागं बनाबाईनं भाकरी उलटवली. "चाल वं, हात धुय. बाबालेही बोलाव."

दाराखालची दोरी परत ताणली. दोन हिसके, खणखणीत, सारखे. आणि आतून, अगदी जानरावांच्या आवाजात, कोणीतरी लाडानं विचारलं, "वर सुवी हाये ना?"

दोरी सोडून द्यायची, एवढंच करायचं होतं. ती मनाशी म्हणाली, सोड. पण तिच्या हाताला लहानपणापासून या प्रश्नाचं एकच उत्तर येत होतं, आणि मन पोचायच्या आत हातानं ते देऊन टाकलं.

एक हिसका. आहे. धरलंय.

आत कोणीतरी उठून उभं राहिलं, आणि दोरी आत जाऊ लागली.